बेचाळीस मिनिटांचा प्रोसेसर

बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यात गिरीराज रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एक बटण दाबायचा आणि झोपायचा.

झोपायचा म्हणजे पथारी पसरून नव्हे. खुर्चीत ताठ बसून, उजवा हात माऊसवर, चष्मा नाकावर, तोंड स्क्रीनकडे. मागून पाहणाऱ्याला माणूस कामात पार गढून गेलेला दिसे. समोरून पाहायला फक्त भिंत होती, आणि भिंत कुणाकडे चुगली करायला जात नाही.

कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनत. बादल्या, मिक्सरची झाकणं, बाटल्यांची बुचं. साचा पोलादात कोरण्याआधी वितळलेलं प्लास्टिक त्यात कसं वाहील, कुठं अडेल, कुठं बुडबुडा धरेल, याचं गणित संगणकावर करून पाहावं लागे. गिरीराजच्या संगणकाला त्या गणिताला बेचाळीस मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात त्याला दुसरं काही सांगितलेलं खपत नसे. एकदा गिरीराजनं मधेच एक पत्र टाइप करायला घेतलं, तर यंत्र जागच्या जागी थिजलं आणि गणित पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून त्यानं हात लावणं सोडलं. त्यामुळे ही झोप म्हणजे कामचुकारपणा नसून यंत्राची गरज आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

गरज त्याचीही होतीच. गिरीराजचं घर येलहंक्यात, शहराच्या वरच्या टोकाला. कारखाना खालच्या टोकाला. पहाटे पावणेपाचला उठायचं, बसनं मॅजेस्टिक, तिथून एक मेट्रो, मग दुसरी मेट्रो. मेट्रो आल्यापासून प्रवास थंडगार झाला होता, पण उभं राहणं काही सुटलं नव्हतं. त्याचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर घोड्यावर बसून या गावात आले, आणि त्यानंतर घराण्यात कुणाला बसायला जागा मिळाली नाही, असं त्याची बायको पद्मावती म्हणायची. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गिरीराजला आयुष्याकडून फार काही नको होतं. फक्त ती बेचाळीस मिनिटं हवी होती.

एका सोमवारी अडीचच्या सुमारास त्याच्या मागून आवाज आला.

"गिरीराज सर, अजून एकोणचाळीस टक्केच?"

हा अजिंक्य. पुण्याहून दोन महिन्यांपूर्वी आलेला नवा मॅनेजर, वय एकोणतीस, चालताना बुटांचा आवाज न करणारा. गिरीराज हललाही नाही. अजिबात न दचकता जागं होण्याची कला त्याला बारा वर्षांच्या सरावानं साधली होती.

"होतंय सार," तो म्हणाला. "मोठा साचा आहे की. स्वल्प टाइम लागतंय."

"स्वल्प? सर, हा प्रोसेसर बारा वर्षांपूर्वीचा आहे! माझ्या फोनमध्ये याच्यापेक्षा फास्ट चिप आहे. तुम्ही कसं सहन करता हे?"

"सवय झालीय सार."

"नाही नाही, दिस इज नॉट फेअर टू यू," अजिंक्य कळवळून म्हणाला. "मी आजच आचार्यांशी बोलतो. तुम्हाला नवीन मशीन मिळालंच पाहिजे."

माणूस चांगला होता, हीच खरी अडचण होती.

कारखान्याचे मालक भीमाचार्य चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चालू असलेली वस्तू बदलणं त्यांना पाप वाटे. त्यांच्या केबिनमधला पंखा कारखान्याइतकाच जुना होता आणि तेवढ्याच सावकाशीनं फिरे. अजिंक्यनं त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून एक आलेख दाखवला. त्यात जुन्या प्रोसेसरचा पट्टा बोटाच्या पेराएवढा होता आणि नव्याचा स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता.

"हे पट्टे कुणी काढले?" आचार्यांनी विचारलं.

"कंपनीनंच, सर. ऑफिशियल आहे."

"म्हणजे मुलीच्या बापानं मुलीचं वर्णन केलंय की." आचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचे डोळे नेहमीच तांबारलेले असत. "गिरीराज, तुम्ही काय म्हणता?"

गिरीराज दारापाशी उभा होता. "जुनं चालतंय आचार्य. माझी काही कंप्लेंट नाही."

"बघा, किती साधा माणूस," अजिंक्य म्हणाला.

आचार्यांनी थोडा विचार केला. "एक करा. नवं यंत्र इथं आणून दाखवायला सांगा. आपला साचा, आपली खोली, माझ्या डोळ्यांसमोर. दोन्ही एकदम सुरू करायची. नव्यानं जुन्याच्या अर्ध्याहून कमी वेळात काम केलं तर घेऊ. नाही तर जुनंच राहील. शुक्रवारी अकरा वाजता. चालेल? सरी ना?"

"सरी," गिरीराज म्हणाला.

परतीच्या मेट्रोत दांड्याला लोंबकळून त्यानं विचार केला. नव्या यंत्रानं तेच गणित पंधरा मिनिटांत उरकलं तर? पंधरा मिनिटांत माणूस झोपेच्या दाराशी जाऊन फक्त चपला काढतो. वर अजिंक्य म्हणणार, वेळ वाचतोय तर दिवसाला दोनऐवजी सहा साचे करू या. त्याला एकदम इतका थकवा आला, की पुढच्या स्टेशनवर समोरची जागा रिकामी झाली ते त्याच्या लक्षातच आलं नाही. एक कॉलेजची मुलगी तिथं बसली.

त्याची स्वतःची मुलगी रक्षिता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं स्वतःचा संगणक सुटे भाग आणून घरीच जोडला होता. आजवर बापानं त्याबद्दल विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे 'याचा लाइट बंद होतो का?' त्या दिवशी जेवताना त्यानं आचार्यांची अट सांगितली आणि विचारलं, "रक्षा, जुन्या प्रोसेसरला नव्याच्या बरोबरीनं पळवता येतं का गं?"

रक्षिताचा घास हातातच राहिला. "अप्पा, तुम्ही ओव्हरक्लॉकिंगबद्दल विचारताय?"

"त्याला तसं म्हणत असतील तर तसं."

मग ती जी सुरू झाली ती ताक संपेपर्यंत थांबली नाही. प्रोसेसरला कारखान्यातूनच एक वेग ठरवून दिलेला असतो. पण काही प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'के' असतो. त्याला कुलूप नसतं. सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवता येतो. मात्र वीज जास्त द्यावी लागते, आणि मग तो तापतो.

"आमच्याला के आहे," गिरीराज म्हणाला. दर सकाळी यंत्र सुरू होताना तो ते नाव वाचायचा. बारा वर्षांत त्याचा अर्थ विचारावासा वाटला नव्हता.

"सूपर! पण अप्पा, नुसत्या गिगाहर्ट्झच्या आकड्यावर जायचं नसतं हं. जुना प्रोसेसर चार पॉइंट तीनला नेला आणि नवाही तेवढ्यावरच ठेवला, तरी नवा एका ठोक्यात जास्त काम करतो. म्हणजे एकाच वाटेनं दोघं तेवढीच पावलं टाकतायत, पण नव्याची ढांग मोठी."

"म्हणजे हरलो."

"थांबा की! तुमचं सॉफ्टवेअर किती सालचं?"

"यंत्राएवढंच."

"मग ते एकच कोअर, म्हणजे आतला एकच कामगार, वापरत असणार. नव्यात चौदा कोअर असतील, पण काम एकटाच करणार. बाकीचे तेरा बघत उभे."

"आपल्या रस्ताखोदाईसारखं," पद्मावती म्हणाली.

"अगदी तस्सं. म्हणून नवा तुम्हाला वाटतो तेवढा पुढं जाणार नाही. जुन्याला नीट साफ करून वेग वाढवला, तर अगदी अर्ध्यावर काटा येईल. टफ आहे, पण होईल." रक्षिताचे डोळे चमकत होते. "पण अप्पा, तुम्हाला जुनं का ठेवायचंय? नवं फुकट मिळतंय तर घ्या की."

गिरीराजनं ताकाची वाटी तोंडाला लावली. पोरगी कौतुकानं बघत असताना झोपेचं कारण सांगवेना. "जुन्या माणसानं जुन्याची बाजू घ्यायला नको का?" तो म्हणाला. हे वाक्य तिला फार आवडलं, त्यामुळे त्याला आणखीच कसंतरी झालं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं डिझाइनच्या खोलीचं दार लावलं, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि रक्षिताला व्हिडिओ कॉल लावला. यंत्राचा बाजूचा पत्रा उघडला. आतल्या पंख्यावर बारा वर्षांची धूळ गोधडीसारखी बसली होती. कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन टरफलं होती.

"अप्पा," रक्षिता म्हणाली, "हे चालू होतं?"

धूळ निघाली. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. तीही खरवडून काढली. नवी पेस्ट कुठून आणायची हा प्रश्न स्टोअरकीपर जितेंद्रनं सोडवला. मोठ्या मशिनांच्या हीटरच्या रिलेखाली लावायची पांढरी पेस्ट त्याच्याकडे डबाभर होती.

"किती पायजे अण्णा?" त्यानं विचारलं.

"तांदळाच्या दाण्याएवढी."

"एवढ्यासाठी पावती फाडू?" जितेंद्र वैतागून म्हणाला आणि त्यानं बोटावरच दिली.

मग निळ्या पडद्यावरच्या सेटिंगमध्ये जाऊन गिरीराजनं रक्षिताच्या सांगण्याप्रमाणे आकडे बदलले. तीन पॉइंट चारचे चार केले. यंत्र सुरू झालं. चार पॉइंट चार केले. यंत्रानं एक सुस्कारा टाकला आणि ते बंद पडलं. "व्होल्टेज एक घर वाढवा," रक्षिता म्हणाली. वाढवलं. सुरू झालं, पण तीन मिनिटांत पुन्हा थिजलं. शेवटी चार पॉइंट तीनवर गाडी स्थिरावली. यंत्राचा पंखा मात्र असा गरजायला लागला, की येलहंक्याच्या विमानतळावरून लढाऊ विमान उठतंय असं गिरीराजला वाटलं. रक्षितानं फर्मावलं की पत्रा उघडाच ठेवायचा आणि बाहेरून वारा द्यायचा. त्यानं शॉपमधला, म्हणजे मोठ्या मशिनांच्या शेडमधला, उंच पंखा ढकलत आणून यंत्रासमोर उभा केला.

त्यानं गणिताचं बटण दाबलं, सवयीनं डोळे मिटले, आणि डोळा नीट लागतोय तोच 'टिंग' झालं. एकोणतीस मिनिटं.

फोनवर रक्षिता नाचत होती. गिरीराजही हसला, पण हसता हसता त्याच्या ध्यानात आलं, की झोप वाचवण्याच्या नादात आपण आपल्याच हातानं तिची तेरा मिनिटं कापली आहेत. शुक्रवार होऊ दे, मग सगळं पुन्हा जागच्या जागी आणायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. तोवर दोन दिवस त्यानं अर्धवट झोपेवर काढले. पायांवर यंत्राच्या गरम झळा येत होत्या आणि मानेवर पंख्याचं गार वारं.

"सर, हा कसला आवाज येतोय?" गुरुवारी अजिंक्यनं विचारलं.

"वय झालंय सार. स्वल्प दमा आहे," गिरीराज म्हणाला.

शुक्रवारी दहाला दुकानाचा माणूस नवं यंत्र घेऊन आला. त्याचं नाव सुमंत. यंत्राच्या एका बाजूला काच होती आणि आत सात रंगांचे दिवे पळत होते. ट्रॅफिकमध्ये दोन तास ते मांडीवर धरून आणल्यामुळे सुमंतचे पाय सुन्न झाले होते. त्यानं पाय झटकत झटकत जोडणी केली, जुनं सॉफ्टवेअर नव्यात घातलं आणि साच्याची फाइल चढवली. अकराला आचार्य आले. अजिंक्यनं मोबाइलवर घड्याळ लावलं. "थ्री, टू, वन..."

दोन्ही बटणं दाबली गेली. चार मिनिटं सगळं ठीक होतं. मग टेबलाखालून पी-पी-पी असा आवाज सुरू झाला. जुनं यंत्र वाढीव वीज पीत होतं, नवं आपली वेगळी पीत होतं, आणि दोन्ही ज्या यूपीएसवर होती, ते बिचारं एका यंत्रासाठी घेतलेलं होतं. त्यानं आणखी दोन वेळा हाक मारली आणि जीव सोडला. दोन्ही पडदे काळे झाले.

जितेंद्रनं शॉपमधून वेगळी लाइन ओढून आणेपर्यंत साडेबारा झाले. तेवढ्यात कॅन्टीनची घंटा झाली. शुक्रवारी बिसिबेळे भात आणि वर दहीभात असे. "आधी जेवून घ्या सगळे," आचार्य म्हणाले. "यंत्र कुठं पळून जात नाही." सुमंतनं बिसिबेळे भात तीनदा घेतला.

पुन्हा सगळे जमले तेव्हा दोन वाजून गेले होते. खिडकीतून ऊन थेट दोन्ही यंत्रांवर येत होतं. "पडदे ओढू या," गिरीराज म्हणाला. "माझं तापतंय."

"माझंही काचेचं आहे सार, ओढा ओढा," सुमंत म्हणाला. दोन्ही पक्षांचं एकमत झालेली त्या दिवसातली ही एकच गोष्ट.

खोलीत छान अंधारून आलं. उंच पंखा संथपणे घुमत होता, जुन्या यंत्राची घरघर चालली होती, नव्याचे दिवे हळूहळू रंग बदलत होते. आचार्य गादीच्या खुर्चीत बसले, अजिंक्य स्टुलावर भिंतीला टेकून, सुमंत खोक्यावर. बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी बटणं दाबली गेली. आज काही झालं तरी डोळे उघडे ठेवायचे, असा गिरीराजचा निश्चय होता. पण बारा वर्षं ज्या क्षणी बोट खाली गेलं त्याच क्षणी पापण्याही खाली गेल्या होत्या. निश्चय त्याचा होता, पापण्या कारखान्याच्या होत्या.

त्याला जाग आली ती कपांच्या किणकिणाटानं.

कॅन्टीनच्या भागुबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आनेकलच्या बसनं ये-जा करणारी ही बाई बावीस वर्षं कारखान्यात होती. गिरीराजनं मान न हलवता आजूबाजूला पाहिलं. सुमंत खोक्यावर आडवा झाला होता. अजिंक्यची मान छातीवर पडली होती आणि हातातल्या मोबाइलवरचं घड्याळ चालूच होतं. आचार्यांचं तोंड उघडं होतं, आणि ते चक्क घोरत होते.

"पावणेचार झाले," भागुबाई हळूच म्हणाल्या. "हा तिसरा चहा. आधीचे दोन गार झाले, परत नेले."

"उठवायचं की अक्का!" गिरीराज कुजबुजला.

"कसं उठवू? गेली चार वर्षं, अम्मा, आपल्या मालकीणबाई, वारल्यापास्नं, आचार्य झोपलेत असं कुणी पाह्यलंय? शॉपमधली माणसं चारदा आली विचारत. मी दारातनंच परत धाडली."

एवढ्यानं अजिंक्य धडपडून उठला. त्याचा मोबाइल खाली पडला. त्या आवाजानं सुमंत उठला आणि आचार्यांनी डोळे उघडले. सगळे एकदम पडद्यांकडे वळले. जुन्या यंत्रावर 'पूर्ण' असं लिहिलेलं होतं आणि खाली वेळ: एकोणतीस मिनिटं, दहा सेकंद. नवं यंत्र काळंठिक्कर पडलं होतं. दिवेसुद्धा विझले होते.

"बंद पडलं?" आचार्यांनी विचारलं.

"नाही सार, नाही!" सुमंतनं धावत जाऊन माऊस हलवला. पडदा उजळला, दिवे पळू लागले. गणित अडुसष्ट टक्क्यांवर थांबलेलं होतं. त्यानं कपाळाला हात लावला. "स्लीपमध्ये गेलंय. कुणी हात लावला नाही तर दहा मिनिटांनी आपोआप झोपतंय. सेटिंग बदलायचं राहिलं सार."

"म्हणजे तेही झोपलं?"

"हो सार."

"हे नवं आधी निजलं," भागुबाईंनी साक्ष दिली. "मी पहिल्यांदा आले तवाच काळं झालं होतं. जुनं मात्र एकटं राबत होतं बिचारं."

"ही टेस्ट व्हॅलिड नाही!" अजिंक्य म्हणाला. "आपण परत घेऊ. आणि एक मिनिट... एकोणतीस? याला तर बेचाळीस मिनिटं लागतात! सोमवारी मी स्वतः पाहिलंय. गिरीराज सर, हे एकोणतीस कसं झालं?"

गिरीराजनं उघड्या पत्र्याकडे पाहिलं. खोटं बोलायला लागणारी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"मी वेग वाढवला," तो म्हणाला. "मुलीला विचारून. नवं यंत्र यायला नको म्हणून."

"पण का?"

"झोपेसाठी सार." एकदा सुरुवात झाल्यावर बाकीचं आपोआप आलं. "ही बेचाळीस मिनिटं मी झोपतो. सकाळी पावणेपाचला उठतो, रोज पाच तास उभ्यानं प्रवास. गणित चालू असताना या यंत्राला हात लावता येत नाही. मग मी डोळे मिटतो."

अजिंक्यचं तोंड उघडं पडलं. आचार्य खुर्चीत पुढं सरकले. "रोज?"

"रोज."

"बारा वर्षं?"

"सुट्ट्या सोडून."

"आणि झोप लागते? इथं? बसल्या बसल्या?"

"लागते आचार्य."

आचार्यांनी गार होत चाललेला चहा उचलला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. गिरीराज उभाच होता. घरी गेल्यावर काय सांगायचं, रक्षिताला काय वाटेल, या वयात दुसरीकडे कुठं विचारायचं, हे सगळं त्याच्या डोक्यातून एका रांगेत चाललं होतं. त्यातल्या कशाचीच भीती वाटण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. बसायला मिळालं तर बरं, एवढंच वाटत होतं.

"नवं यंत्र घेऊ या," आचार्य म्हणाले.

"थँक यू, सर!" अजिंक्य म्हणाला. सुमंतनं सुटकेचा श्वास सोडला. गिरीराजनं मान खाली घातली.

"आणि हे जुनं माझ्या केबिनमध्ये लावा."

"तुमच्या? सर, तुम्हाला कशाला? तुम्ही तर ईमेलसुद्धा प्रिंट काढून वाचता."

"मला लागतंय," आचार्य म्हणाले. "हा उंच पंखाही तिकडंच आणा. पडद्यांचं माप घ्यायला सांगा."

सोमवारी सकाळी गिरीराजच्या टेबलावर काचेचं यंत्र आलं होतं. पहिलं गणित त्यानं पंधरा मिनिटांच्या आत संपवलं. अजिंक्यनं लगेच दुसरं दिलं, मग तिसरं. दुपारपर्यंत त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. शुक्रवारच्या कबुलीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त जड जात होतं. दोनला निरोप आला, आचार्य बोलावतायत. आज होणार ते होणार, असं म्हणून तो केबिनमध्ये गेला.

पडदे ओढलेले होते. जुनं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. आचार्य त्याच्यासमोर हात बांधून बसले होते.

"हे सुरू कसं करायचं?"

गिरीराजनं फाइल उघडून दाखवली. "हे बटण, आचार्य."

"किती वेळ चालतंय आता?"

"एकोणतीस मिनिटं."

"पूर्वी बेचाळीस लागायची ना? मग पूर्वीसारखं करा. या वयात एकोणतीस पुरत नाहीत."

गिरीराजनं त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. त्यानं निळा पडदा उघडला आणि सगळे आकडे एकेक करून होते तिथं आणून ठेवले. यंत्राची गर्जना उतरली आणि जुनी, ओळखीची घरघर परत आली. आचार्यांनी बटण दाबलं. गिरीराज दाराकडे निघाला.

"कुठं निघालात? मधेच अडलं तर मला काय कळतंय? बसा की." आचार्यांनी शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. तीही गादीची होती. "रोज यायचं या वेळेला. हे काम एकट्याचं नाही."

अडीच वाजता अजिंक्य चौथ्या साच्याची फाइल घेऊन केबिनपाशी आला, तर दाराबाहेर भागुबाई बाकावर बसल्या होत्या.

"आत जाऊ नका सायबा. मीटिंग चाललीय."

"कसली मीटिंग?"

"नवं चांगलं का जुनं चांगलं, त्याची."

"पण ते तर ठरलं ना?" अजिंक्यनं घड्याळ पाहिलं. सकाळपासून तो गिरीराजच्या मागे उभा राहून पंधरा-पंधरा मिनिटं मोजत होता. पाय दुखायला लागले होते. त्याला दहा मिनिटं तरी वाट पाहणं भाग होतं, म्हणून तो बाकाच्या टोकाला टेकला आणि भिंतीला पाठ लावली. दारापलीकडून पंख्याची आणि यंत्राची मिळून एक बारीक, एकसुरी घरघर येत होती.

"किती वेळ चालेल हो?" त्यानं विचारलं.

भागुबाईंनी सांगायला तोंड उघडलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्याच्या मांडीवरून घसरत चाललेली फाइल त्यांनी अलगद काढून बाजूला ठेवली.